मदत हवी आहे : शाळेला कायमनिधी द्यायचाय, दानपत्रात नेमकं काय लिहून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या बॅचने आपल्या जुन्या शाळेला एकरकमी देणगी द्यायचं ठरवलं आहे. शाळा खाजगी, सरकारी मदत नाही, सगळा गाडा फीवर चालतो. पैसे जमत आहेत, त्याची काळजी नाही. घोडं अडलंय ते अटींवर.

ग्रुपवर तीन तट पडलेत. पहिला म्हणतो, प्रयोगशाळा बांधून द्या आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, कायमनिधी करा, मुद्दलाला कुणी हात लावायचा नाही, व्याजातून दरवर्षी दोन मुलांची फी भरायची. तिसऱ्याला दिवंगत गणिताच्या सरांच्या नावाने बक्षीस हवं आहे, बाकी काहीही चालेल. बहुमत दुसऱ्या तटाकडे झुकतंय.

शाळेकडून मसुदा आला तो एका वाक्याचा : ‘सदर रक्कम संस्थेच्या कायमनिधीत जमा करण्यात येईल व तिचे उत्पन्न शैक्षणिक कार्यासाठी वापरण्यात येईल.’ संपलं. यात काय घालायचं ते ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

मुद्दल कधीही मोडू नये ही अट घालावी का? हेतू किती घट्ट बांधावा? उद्या शाळाच बंद पडली तर पैसा कुणाचा? आणि दरवर्षी हिशेब मागितला तर आगाऊपणा दिसेल का? शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. आमचे एक सर आता विश्वस्त आहेत आणि पन्नाशीला आलेली माणसं अजून त्यांच्यासमोर खुर्चीवर टेकायला धजत नाहीत.

जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

— धागाकर्ती

हिशेबनीस :

संस्थांचे हिशेब बघण्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

‘मुद्दल शिवायचं नाही, फक्त व्याज वापरायचं’ ही अट ऐकायला सात्त्विक वाटते, पण निधी हळूहळू मारते. महागाई ६ टक्के धरा. १२ वर्षांत पैशाची किंमत निम्मी, २४ वर्षांत पाव. कागदावर १०० चे १००च असतात, दानपत्राचं अक्षरशः पालन झालेलं असतं, आणि ज्या व्याजात दोन मुलांची फी बसत होती त्यात आता जेमतेम अर्ध्या मुलाची बसते. त्यातून शाळेचा मोठा खर्च म्हणजे पगार, त्यामुळे फी बहुधा महागाईच्या पुढेच धावते.

म्हणजे जपायची असते ती मुद्दलाची खरेदी करायची ताकद, नुसता आकडा नव्हे. परतावा ९ आणि महागाई ५ असेल तर खर्चायला ४ च, उरलेले ५ निधीतच राहिले पाहिजेत. दानपत्रात ‘उत्पन्न’ हा शब्दच नको. त्याऐवजी लिहा : गेल्या तीन वर्षांतल्या निधीच्या सरासरी मूल्याच्या ४ टक्क्यांपर्यंत रक्कम दरवर्षी खर्च करता येईल.

सरासरी कशासाठी, तर समजा निधीचं मूल्य लागोपाठ १००, १२० आणि ८० झालं. दरवर्षीच्या मूल्याच्या ४ टक्के काढत गेलात तर ४, मग ४.८, मग एकदम ३.२. म्हणजे चांगल्या वर्षी आणखी एका मुलाला सवलत देऊन बसायचं आणि पुढच्या वर्षी त्याला सांगायचं की बाजार पडला. सरासरी धरली तर तिसऱ्या वर्षीही ४ मिळतात. येल विद्यापीठाने याहून गुळगुळीत सूत्र वापरलं : यंदाच्या खर्चाचा ८० टक्के भाग गेल्या वर्षीच्या खर्चात महागाई मिळवून ठरवायचा आणि २० टक्के भाग निधीच्या मूल्यावरून. अर्थतज्ज्ञ जेम्स टोबिन यांच्या विचारातून ते आलं. आजच्या मुलांनी उद्याच्या मुलांचं खाऊ नये आणि उलटही होऊ नये, हा त्यांचा १९७४ चा मुद्दा. तुमच्या शाळेला इतकं बारीक सूत्र नको, तीन वर्षांची सरासरी पुष्कळ झाली.

आता ग्रुपवर टाकायचा हिशेब. ४ टक्के खर्चायचे तर ज्या गोष्टीला दरवर्षी जितका खर्च आहे त्याच्या २५ पट निधी लागतो. एका मुलाची पूर्ण फी कायमची माफ करायची म्हणजे आजच्या वार्षिक फीच्या २५ पट, दोघांची ५० पट. तेवढे जमत नसतील तर दोन पूर्ण माफी लिहूच नका, ‘फी सवलत’ एवढंच लिहा. जितकी बसेल तितकी बसेल.

हिशेब मागणं अजिबात आगाऊपणाचं नाही. एका पानाचा असतो : सुरुवातीची शिल्लक, नवी भर, परतावा, खर्च, अखेरची शिल्लक आणि किती मुलांना लाभ झाला. मुलांची नावं मात्र मागू नका. ‘दरवर्षी द्यावा’ असं दानपत्रातच आलं की सरांकडे तोंड उघडायची वेळच येत नाही.

आडमुठा :

मूळ मुद्द्याला कुणी हात घालत नाहीये. खाजगी शाळा फी घेते ना? मग वर दान कशाला? ज्यांना परवडतं त्यांच्या मुलांसाठी एसी बसवायला?

धागाकर्ती :

एसी नाहीये हो, पंखेही आमच्या वेळचेच आहेत. आणि म्हणूनच फी सवलतीचं चाललंय. पैशाअभावी ज्यांना तिथे शिकता येत नाही त्यांच्यासाठी.

आडमुठा :

तसं असेल तर एक विचारून घ्या. आज शाळा स्वतःच्या खिशातून किती मुलांना सवलत देते? कारण तुमचे पैसे आले की शाळा स्वतःचे काढून घेणार, सवलतवाल्या मुलांची संख्या तीच राहणार आणि वाचलेल्या पैशात पंखे बदलणार. नाव तुमचं, वारा त्यांचा.

निवृत्त मुख्याध्यापिका :

आडमुठा यांचा स्वर तिखट आहे पण मुद्दा शंभर टक्के खरा. मी खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला बसलेली आहे, अंदाजपत्रक जुळवताना असा मोह होतो. उपाय सोपा : ‘ही सवलत शाळा सध्या देत असलेल्या सवलतींव्यतिरिक्त असेल’ हे वाक्य घाला आणि आजचा आकडा सोबत जोडा. आकडा नसेल तर त्या वाक्याला अर्थ नाही.

हेतूबद्दल. देणगीदार जितकं बारीक लिहितो तितका पुढच्या पिढ्यांना त्रास होतो. फिलाडेल्फियाचे धनाढ्य सावकार स्टीफन जिरार्ड १८३१ मध्ये वारले. अनाथ मुलांच्या निवासी शाळेसाठी त्यांनी प्रचंड संपत्ती ठेवली, पण मृत्युपत्रात लिहिलं की मुलगे हवेत, गरीब हवेत आणि गोरे हवेत. शाळा १८४८ मध्ये सुरू झाली. कृष्णवर्णीय मुलांना आत यायला १९६८ उजाडलं, तेही वर्षानुवर्षांच्या कोर्टकज्ज्यांनंतर. मुलींना १९८४. (त्याच मृत्युपत्रात कुठल्याही पंथाच्या धर्मगुरूने आवारात पाऊल ठेवायचं नाही अशीही अट होती, त्यावरूनही खटला झाला!) माणूस उदार होता यात शंका नाही. पण त्याच्या काळाचे पूर्वग्रह अटींमध्ये गोठून बसले.

उलट उदाहरण एडवर्ड हार्कनेस यांचं. १९३० मध्ये त्यांनी फिलिप्स एक्सेटर या खाजगी शाळेला मोठी देणगी दिली ती शिकवण्याची पद्धत मुळापासून बदलावी म्हणून. ती कशी बदलायची हे शिक्षकांनी शोधलं. डझनभर मुलं आणि शिक्षक एका लंबगोल टेबलाभोवती बसून चर्चा करतात, ते टेबल आजही हार्कनेस यांच्याच नावाने ओळखलं जातं.

तुमच्या बाबतीत ‘गरजू विद्यार्थ्यांना शिक्षणखर्चात मदत’ एवढं रुंद ठेवा. शिक्षणखर्च म्हटलं की गणवेश, पुस्तकं, बसभाडं, सहलीचे पैसेही आले. फी माफ झालेलं मूल सहलीच्या दिवशी ‘पोट दुखतंय’ म्हणून घरी राहतं, हे आम्ही दर वर्षी बघायचो.

बक्षिसाबद्दल स्पष्ट बोलू का? पहिला येणारा तसाही पुढे जातो. सरांचं नाव निधीलाच द्या, तिसरा तटही खूश होईल.

धागाकर्ती :

सहलीचं वाचून गप्पच झाले. हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. नावाचा तोडगाही झकास, आत्ताच ग्रुपवर टाकते.

आता राहिला शाळा बंद पडण्याचा प्रश्न. शिवाय आमच्यातले एकजण सुचवताहेत की शाळेला फार अडचण आली तर निधीतून उसने घेण्याची मुभा ठेवावी, परत करण्याच्या बोलीवर.

कागदी घोडा :

उसनवारीची मुभा ठेवू नका. देणारे विश्वस्त, घेणारे विश्वस्त, मग वसुलीची नोटीस कोण कुणाला धाडणार? दानपत्रात तीन गोष्टींना सरळ मनाई करा : शाळेला कर्ज, शाळेच्या कर्जासाठी निधी तारण, आणि विश्वस्त किंवा त्यांच्या नातेवाइकांच्या धंद्यात गुंतवणूक.

पण खरी आणीबाणी येऊ शकते हेही खरं. त्यासाठी शाळेला वेगळा राखीव निधी लागतो, जो विश्वस्तांनी स्वतः बाजूला ठेवलेला असतो आणि ठराव करून मोडताही येतो. हिशेबाच्या वहीत तो आणि देणगीदाराने अट घालून दिलेला कायमनिधी यांची सरमिसळ होता कामा नये. तुमच्या निधीचं खातं वेगळं दाखवायला सांगा. गुंतवणूक एकत्र केली तरी चालते, उलट छोटा निधी एकटा सांभाळायचा खर्च जास्त येतो.

हिशेबनीस यांच्या मुद्द्याला कायद्याची जोड देतो. अमेरिकेत १९७२ च्या नमुना कायद्यानुसार निधीचं मूल्य मूळ देणगीच्या आकड्याखाली गेलं की निधीच्या वाढीतून खर्च करण्याची वाट बंद व्हायची. २००६ च्या सुधारित मसुद्याने ती आकड्याची भिंत काढली आणि महागाई, निधीचा हेतू, संस्थेची स्थिती हे सगळं बघून दूरदृष्टीने ठरवा असं सांगितलं. मग २००८ मध्ये बाजार कोसळला आणि कितीतरी निधी त्या आकड्याखाली गेले. तेव्हा तुमच्याकडेही ‘मूल्य मूळ रकमेच्या खाली गेल्यास खर्च २ टक्क्यांवर आणावा’ अशी पायरी ठेवा. पूर्ण बंद केलं तर सातवीतल्या मुलाने आठवी कुठे करायची?

हेतू रुंद ठेवा हे मान्य, पण इतकाही नको की कुणी काहीही अर्थ काढेल. १९६१ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाला ३.५ कोटी डॉलरचे शेअर मिळाले ते सरकारी सेवेसाठी पदवीधर घडवावेत म्हणून. पैसा त्यासाठी खर्च होत नाही म्हणत देणगीदारांच्या वारसांनी २००२ मध्ये दावा लावला. तो २००८ मध्ये तडजोडीने मिटला, तोवर वकिलांवर दोन्ही बाजूंचा अफाट खर्च झाला होता. (आमच्या व्यवसायाला नावं ठेवायची ही जागा नव्हे.)

शाळा बंद पडण्याचं कलम : ‘शाळा बंद झाल्यास किंवा हेतू साध्य करणं अशक्य झाल्यास निधी त्याच हेतूसाठी, मिळत्याजुळत्या दुसऱ्या शैक्षणिक संस्थेकडे वर्ग करावा.’ संस्थेचं नाव आज घालू नका, तीही बंद पडू शकते. निवड कुणी करायची तेवढं लिहा. ‘पैसे देणगीदारांना परत’ असं मात्र लिहू नका. दानाचा करलाभ घेतला असेल तर परतीच्या अटीमुळे तो अडचणीत येऊ शकतो. हे आणि बाकीचा मसुदा तुमच्याकडच्या कायद्याप्रमाणे स्थानिक वकील-सीएकडून तपासून घ्याच.

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. हा कच्चा मसुदा :

‘सरांच्या नावाने निधी. गरजू विद्यार्थ्यांना शिक्षणखर्चात मदत, सध्याच्या सवलतींव्यतिरिक्त (आकडा सोबत). दरवर्षी तीन वर्षांच्या सरासरी मूल्याच्या ४ टक्क्यांपर्यंत खर्च, मूल्य मूळ रकमेखाली गेल्यास २. कर्ज, तारण, संबंधितांकडे गुंतवणूक नाही. स्वतंत्र खातं, एका पानाचा वार्षिक हिशेब. शाळा बंद झाल्यास मिळत्याजुळत्या संस्थेकडे.’

एक शंका : पहिल्या वर्षी सरासरी कशाची काढायची?

हिशेबनीस :

पहिलं वर्ष काहीच खर्चू नका, निधी बसू द्या. दुसऱ्या वर्षी एका वर्षाचं मूल्य, तिसऱ्या वर्षी दोनांची सरासरी, चौथ्यापासून तीनांची. हेही लिहून टाका. आणि हिशेब कुणाच्या नावाने पाठवायचा ते ठरवा. ‘बॅच’ला पत्ता नसतो. दोन जणांची नावं द्या आणि त्यांच्यानंतर कोण तेही.