मल्टीबीमच्या कडेच्या बीमांत आडव्या वळ्या: रोलची चूक की वेळेची?

निपाणी_सर्व्हे
कारवारजवळच्या समुद्रतळाचा मल्टीबीम (आवाजाचे अनेक बीम पंख्यासारखे सोडून खोली मोजणारा सोनार) डेटा बेळगावात प्रोसेस करतोय. खोली 20 मीटर, तळ सपाट, चिखलाचा. तरी मधले बीम सोडले तर दोन्ही कडांना वळ्या दिसायलेत, 6 ते 8 सेंमीच्या. एक कड वर तेव्हा दुसरी खाली. पॅच टेस्ट (सोनारच्या बसवणीचे कोन काढायची चाचणी) हिडकल धरणात केली होती. मग सोनारचा पोल सोडून होडी ट्रकवरून घाट उतरवली. रोलचा (डावी-उजवीकडे झुकण्याचा) बसवणीचा आकडा 0.1 अंशाने दोन्हीकडे हलवून बघितला, काही फरक नाही. स्मूदिंग फिल्टर मारू काय?

खानापूर_हायड्रो
फिल्टर नको. वळ्यांबरोबर दगड आणि नांगराचे ओरखडेही पुसून जातील.

पट्टा अख्खा वरखाली झाला असता तर हीव्ह (होडीचं वरखाली होणं) म्हटलं असतं. हा रोलच, पण बसवणीच्या कोनाचा नव्हे. त्या चुकीने तळ एका बाजूला कलतो, वळ्या उठत नाहीत.

वेळ तपासा. दोन्ही बाजूंना 3-3 अंश, 3 सेकंदांत एक झोका घेणारी होडी सरळ होताना सेकंदाला 6 अंशांहून जास्त वेगाने फिरते. रोल 20 मिलिसेकंद उशिरा नोंदला की सव्वा दशांश अंशाची चूक. 60 अंशांचा बीम 20 मीटर खोलीत साडेचौतीस मीटर बाजूला पडतो, तिथे तीच साडेसात सेंमी होते.

सपाट तुकड्यावर प्रत्येक पिंगचा (सोनारच्या एका ठोक्याचा) आडवा उतार अंशांत काढा आणि रोलच्या वेगासमोर मांडा. सरळ रेषा आली तर तिचा उतार म्हणजेच उशीर, सेकंदांत. वेगाशी न जुळता रोलशीच जुळलं तर रोल मोजण्याचं स्केल बघा. पिचशी (नाक वरखाली होण्याशी) जुळलं तर हालचाल मोजणारा सेन्सर होडीच्या अक्षाला तिरका बसलाय.

निपाणी_सर्व्हे
वेगाशीच जुळलं सर. उशीर 0.018 सेकंद. सेन्सर यूएसबी कन्व्हर्टरवरून लॅपटॉपला जोडलेला, वेळेचा शिक्का लॅपटॉपच मारतो.

दांडेली_बोट
मग चोर सापडला. एफटीडीआय चिपच्या कन्व्हर्टरचा लॅटन्सी टायमर (डेटा पुढे ढकलण्याआधी थांबायची वेळ) मुळात 16 मिलिसेकंदांवर असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 1 करा. खरा इलाज मात्र वेगळा: जीपीएसचा 1 पीपीएस (सेकंदाला एक ठोका) आणि झेडडीए (तारीख-वेळेचा संदेश) सोनार नि सेन्सर दोघांना द्या, वेळेचा शिक्का उगमालाच बसू दे. लॅपटॉपवर भरवसा ठेवू नका.

झालेल्या डेटात रोल 18 मिलिसेकंद सरकवा. वळ्या दुप्पट झाल्या तर चिन्ह उलटं आहे. थोडं शिल्लक राहीलच, कारण यूएसबीचा उशीर दर वेळी सारखा नसतो.

खानापूर_हायड्रो
आणि हिडकलचे कोन आता वापरू नका. पोल एकदा सोडला की रोल, पिच, यॉ (नाक डावी-उजवीकडे वळण्याचा कोन) तिन्ही गेले. रोल आहे त्या डेटातूनच निघेल: सपाट तळावर उलटसुलट दिशेच्या दोन लाइन घ्या, कडेचे बीम जुळवा. पिच आणि यॉला उतार किंवा ठळक वस्तू लागते. तशा लाइन मारल्या नसतील तर होडी परत पाण्यात घालावी लागेल, आणि ह्या वेळी पोल न हलवता.