स्टेपमधल्या झाडांच्या रांगांनी जमिनीचा कस वाढतो का?

बांधावरचा_पोरगा: नमस्कार मंडळी, बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सेमिनारला रशियातली काळी माती म्हणजे चेर्नोझेम घेतलीय. सॅटेलाइट मॅपवर तिथल्या स्टेपमध्ये, म्हणजे सपाट गवताळ प्रदेशात, रोस्तोव्ह, व्होल्गोग्राडकडे बघितलं की मोठाल्या शेतांच्या कडेनं झाडांच्या लांबच लांब रेघा दिसतात. वारा अडवायला लावल्यात हे कळलं, पण मातीचा कस कसा वाढणार? पालापाचोळा तर झाडाखालीच पडतो, मग दोनशे-तीनशे मीटर आतल्या गव्हाला काय मिळतं? आमच्याकडे बांधावरच्या निंबाखाली हरभरा येत नाही म्हणून बाबा झाड तोडायला निघालेत.

वोरोनेझ_सहा_वर्षं: पालापाचोळ्याचं सोड भावा, तिथं खरा खेळ बर्फाचा आहे. मी रशियात वोरोनेझला मेडिकलला होतो पण शेतकऱ्याच्या घरचा, त्यामुळे मार्चमध्ये मित्राच्या गावी गेलो तेव्हा शेतच बघत बसलो. उघड्या रानातला बर्फ वाऱ्यानं पार उडवून नेलेला, नुसती ढेकळं वर, आणि रांगेच्या आडोशाला गुडघाभर बर्फ. तो वितळला की पाणी जागेवरच मुरतं. उघड्या बाजूच्या खड्ड्यात जो बर्फ होता त्याच्यावर काळी साय धरली होती, बोट फिरवलं तर बोट काळं. ती वरच्या थरातली माती हो, सगळ्यात कसदार.

माती_परीक्षक: वरच्यांनी नेमकं सांगितलं. वारा आधी बारीक कण उचलतो आणि सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद त्यातच जास्त असतं, म्हणून रांग कस नवीन घालते त्यापेक्षा आहे तो जाऊ देत नाही असं मांड. १८९१ च्या दुष्काळानंतर रशियन मृदाशास्त्रज्ञ दोकुचायेव यांनी १८९२ मध्ये वोरोनेझकडच्या कामेन्नाया स्टेपमध्ये असे पट्टे लावायला घेतले, ते आजही उभे आहेत. पट्ट्याच्या खालच्या मातीत कर्ब वाढतो, पाणी जास्त मुरल्यानं चुनखडी खोल जाते. आडोसा साधारण झाडाच्या उंचीच्या वीसेक पट लांब पोचतो, लांब जाईल तसा कमी होत. तुझे बाबाही चुकत नाहीत, झाडाच्या उंचीएवढ्या पट्टीत मुळं पाणी ओढतात, सावली पडते, तिथं उत्पन्न घटतंच. ते पुढच्या रानात भरून निघतं का, हे बघायचं.

केळीवाला_रावेर: आम्ही केळीला कडेनं शेवरी लावतो, पण गच्च भिंत केली की वारा वरून उडी मारून पलीकडं आपटतो. तिकडं काय करतात?

माती_परीक्षक: दादा, तेच. गच्च पट्टा असला की सगळा बर्फ कडेलाच ढीग होतो, तिथं वाफसा उशिरा येतो आणि मधलं रान कोरडं. खालून विरळ ठेवला की बर्फ शेतभर पसरतो. १९४८ च्या सोव्हिएत योजनेत प्रचंड लागवड झाली, १९५३ मध्ये स्टालिन गेल्यावर ती गुंडाळली, आणि १९९१ नंतर सामूहिक शेतं मोडली तसे कित्येक पट्टे बेवारस झाले. छाटणी नाही, खाली झुडपं माजली, कुठं तोडून सरपण केलं. झाडं लावून भागत नाही, राखावी लागतात, याचं मला फार वाईट वाटतं.

बांधावरचा_पोरगा: म्हणजे १५ मीटर उंचीला ३०० मीटर, माझं गणित आता बसलं. खूप आभार सगळ्यांचे. उद्या निंबाची उंची मोजतो आणि कुठपर्यंत हरभरा खुजा राहतो ते पावलांनी मोजून बाबांना दाखवतो, तोवर कुऱ्हाड थांबवायला सांगितलीय.