लाईनीत कोणी मागे चिकटून उभं राहिलं की धडधडतं, हे जनुकांमधून (जीन्समधून) येतं का?

रातराणी: लहानपणापासून आहे माझं हे. एटीएमच्या लाईनीत मागचा माणूस खांद्याशी आला की छातीत धडधडतं, मी नकळत पुढे सरकत जाते. आईचंही असंच, लग्नात ती कायम भिंतीला पाठ लावून बसणार. धाकटा भाऊ मात्र लोकलमध्ये अनोळखी माणसाच्या खांद्यावर डोकं टेकून खुशाल झोपतो. सासरी मला माणूसघाणी म्हणतात, वाईट वाटतं हो, मला माणसं आवडतात. मग हे येतं कुठून?

पेशीपुराण: माणूसघाणी वगैरे अजिबात मनावर घेऊ नका. मेंदूत दोन्ही बाजूंना बदामाएवढा अमिग्डाला असतो, धोक्याची घंटा वाजवणारा. अमेरिकेत एसएम या नावाने ओळखली जाणारी एक बाई आहे, तिला अर्बाख-वीथे नावाचा अगदी दुर्मिळ आनुवंशिक आजार, ईसीएम१ या जीनमधल्या बिघाडामुळे होणारा, आणि त्यात तिचे दोन्ही अमिग्डाला निकामी झाले. २००९ मध्ये कॅलटेक या अमेरिकन विद्यापीठाच्या लोकांनी तिला सांगितलं की समोर उभ्या संशोधकाकडे चालत जा आणि बरं वाटेल तिथे थांब. बाकीचे लोक सरासरी ६४ सेंमीवर थांबले, ही ३४ वर! अगदी नाकाला नाक लागेल इतकं जवळ उभं केलं तरी तिला काही वाटलं नाही. म्हणजे तुमची घंटा चालू आहे, जरा लवकर वाजते एवढंच. पण अंतर ठरवणारा एकच जीन असं काही नसतं, आणि तुमच्या बाबतीत आईकडून रक्तातून किती आलं आणि तिला बघून बघून किती आलं हे वेगळं काढणं अवघड आहे.

चिऊची मावशी: आमच्याकडे बरोब्बर उलटं. भाचीला विल्यम्स सिंड्रोम आहे, सात नंबरच्या क्रोमोसोमच्या (गुणसूत्राच्या) जोडीपैकी एकातला छोटासा तुकडा, पंचवीसेक जीन्सचा, तिच्यात नाहीच. हे बहुतेक वेळा आईबापांकडून येत नाही, नव्यानेच होतं. पोर इतकी गोड की बसमध्ये कोणाच्याही गळ्यात पडते, आणि आम्हाला तिच्या काळजीने झोप लागत नाही. तिला शिकवलंय, हात लांब कर, तेवढं अंतर ठेवायचं. रोज सांगावं लागतं.

कर्जतफास्ट: सवयीचाही भाग आहे ना. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये अमेरिकन लोकांवरून दीड ते चार फूट असं वैयक्तिक अंतर मांडलं होतं, आमच्या डब्यात दीड इंच मिळत नाही. पण नीट बघा, तिथे कोणी कोणाच्या डोळ्यात बघत नाही, मान वळवलेली, बॅग छातीशी. जागा नाही म्हणून नजरेने अंतर ठेवायचं.

रातराणी: हे अगदी पटलं, कारण लेडीज डब्यात तेवढ्याच गर्दीत मला काहीच होत नाही! आईला सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, मला आयुष्यभर वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय.