गांधींचं १० रुपयांचं टपाल तिकीट नाशिकहून कोल्हापूरला पाठवायचंय, विमा कसा करू?

गोदाकाठचा_पोऱ्या:
मंडळी जरा मदत करा. वडिलांच्या अल्बममधलं १९४८ चं गांधींचं १० रुपयांचं तिकीट, मिंट म्हणजे न वापरलेलं, मागचा गोंद शाबूत, कोल्हापूरच्या एका काकांना १८ हजारांना ठरलंय आणि त्यांनी पैसे आधीच टाकलेत म्हणून मलाच जास्त टेन्शन. एका कुरियरवाल्याकडे गेलो तर तो म्हणे ओनर्स रिस्क, पावतीवर डॉक्युमेंट लिहितो, बाकी तुमचं तुम्ही बघा. १८ हजाराचं डॉक्युमेंट?? स्वतः नेऊन द्यायचं तर जाऊन येऊन दोन रजा जातात. पोस्टात विमा होतो म्हणतात, कोणी केलाय का? आणि हरवलं तर खरंच काही हातात पडतं की नुसत्या चकरा?

शिवराई_वेडा:
कुरियरच्या पावतीची मागची बाजू भिंग घेऊन वाच एकदा, बहुतेकांच्या अटीत नाणी, नोटा, दागिने, अँटिक वगळलेलंच असतं, म्हणजे डॉक्युमेंट लिहून पाठवलं नि गेलं तर उलट खोटं तूच लिहिलंस. माझे दोन चांदीचे रुपये असेच गेले. पाकीट पोचलं, कडेला ब्लेडचा बारीक काप, आत नुसता पुठ्ठा. भरपाई काय तर भाडं परत, बास.
तेव्हापासून पोस्टच, स्पीड पोस्ट अधिक विमा. विमा नसेल तर पोस्टसुद्धा भाड्याच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यातलं जे कमी तेवढंच देतं हे लक्षात ठेव. विम्याच्या पाकिटाला लाखेची सीलं लागतात, मी पहिल्यांदा हौसेने ५ रुपयाच्या नाण्याचा ठसा मारून नेला, काउंटरवरच्या ताई हसल्या, म्हणे चालू नाण्याचा ठसा चालत नाही, स्वतःची खूण पाहिजे आणि सगळ्या सीलांवर एकच. परत घरी, मग आजीची अंगठी कामाला आली. पाकिटाचं वजन पण नीट करून लिहितात, वाटेत काही काढलं तर वजनावरून कळतं.

अल्बमवाली:
वजनाचं नाण्यांना ठीक आहे हो, तिकिटाचं वजन ते काय असणार, कोणी काढून घेतलं तरी काट्याला पत्ता लागायचा नाही. त्यामुळे तुला लाखच वाचवणार, प्रत्येक जोडावर सील पडलं पाहिजे.
विमा १८ हजाराचाच कर. तिकिटांच्या भावाच्या कॅटलॉगमध्ये जास्त दिसतं म्हणून जास्त लिहू नकोस, खऱ्या किमतीच्या वर विमा करता येत नाही आणि नुकसान झालं तरी खरी किंमतच बघतात. काकांनी पैसे टाकल्याचा स्क्रीनशॉट आणि ठरलेल्या भावाचं चॅट जपून ठेव, किमतीचा पुरावा तोच.
आणि पॅकिंग! पावसाळा आहे, मिंटचा गोंद दमटपणाने चिकटला तर तिकीट पोचून पण गेलंच. आधी ग्लासीनचं (गुळगुळीत पातळ कागदाचं) पाकीट, मग झिपची पिशवी, मग दोन जाड पुठ्ठे, आणि सेलोटेप फक्त पुठ्ठ्याला. वर स्टॅम्प असं कुठे लिहू नकोस बाई, सॉरी, भाऊ.

प्रेसवाल्याचा_नातू:
गंमत बघा, नाशिकरोडच्या प्रेसात १९२६ पासून देशाची तिकिटं छापतात आणि नाशिककर टेन्शन घेतोय ते गांधींच्या ह्याच सेटचं, जो छापून आला स्वित्झर्लंडहून 😄
कामाचं सांगतो, ह्या १० रुपयावाल्याची बनावट भरपूर फिरते. दोन्ही बाजूंचा असा मोठा फोटो काढ की कडेचा दात न् दात मोजता येईल. उद्या काका म्हणाले हे ते नाहीच, तर दात जुळवून बघता येईल.

गोदाकाठचा_पोऱ्या:
सगळ्यांना थँक्यू. फोटो काढले, डाव्या कोपऱ्यातला एक दात आखूड आहे हे आजच कळलं, काकांना आधीच कळवून टाकलं. ते म्हणे चालेल, पोस्टमन समोर असतानाच सीलं बघून मग सही करतो. लाख मिळाली, आता अंगठी शोधतोय, आमच्या आजीच्या अंगठीवर काहीच कोरलेलं नाही.

शिवराई_वेडा:
मग स्वतःची खूण असलेला एखादा शिक्का बघ.