मदत हवी आहे: भात कापल्यावर खाचरात गुरं सोडावीत की वाल टाकावा? (मुरबाड)

शनिवारचा_शेतकरी

नमस्कार मंडळी,

राहायला ठाण्यात, घोडबंदर रोडला. जमीन मुरबाड तालुक्यात. खाली भाताची खाचरं, वर माळाला थोडी वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन. रोजचं सगळं काका बघतात, मी सुट्टीचा गडी. रासायनिक खतं आणि फवारण्या बंद केल्यात. दावणीला बैलजोडी आणि दोन गाई.

भात निघालं की आमच्याकडे गावची सगळी गुरं मोकळी सुटतात आणि धसकटं चरतात. काका म्हणतात, "गुरं फिरली की शेण पडतं, जमीन आपोआप सुधारते. तू कुंपणाला पैसे कशाला घालतोस?" मला मात्र भातामागे वाल नाहीतर हरभरा घ्यायचाय, म्हणजे पिकाची फेरपालट होईल. पण उघड्या शिवारात वाल टाकणं म्हणजे गुरांना आवतण.

अजून एक. ज्या खाचरातून गुरांची वाट जाते तिथे उन्हाळ्यात कुदळ मारली की वरचा चार बोटं थर विटेसारखा अख्खा निघतो. बांधाच्या पलीकडे, जिथे गुरं जात नाहीत, तिथली माती हातात चुरते. मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्ब 'कमी' आलाय. मग गुरांनी जमीन सुधारतेय की बिघडतेय? आणि दोन्ही जमवता येईल का?

शेणकिडा

काका अर्धे बरोबर आहेत. शेण पडतं, पण कुठे ते बघा. गुरं दिवसभर तुमच्या खाचरात चरणार, दुपारी झाडाखाली रवंथ करणार आणि रात्री मालकाच्या गोठ्यात बसणार. गुरू जे नत्र खातं त्यातलं बहुतेक शेणामुतातून परत बाहेर पडतं, म्हणून गुरं रात्री कुठे बसतात यावर हिशेब ठरतो. गावची गुरं असतील तर चारा तुमचा, खत शेजाऱ्याचं.

तुमच्या गुरांचंही तेच. पालाशचा (पोटॅशचा) बराच मोठा भाग मुतात जातो, नत्राचाही मोठा वाटा त्यातच. गोठ्याच्या फरशीवरून ते ओघळून गटारात गेलं तर उकिरड्यावर नुसतं शेण उरतं. गुरांखाली पेंढ्याचा चुरा, पालापाचोळा टाका आणि भिजला की रोज उचलून खड्ड्यात घाला. हे नीट झालं तर बाकी निम्मं काम झालं समजा.

ती 'वीट' ओल्या जमिनीवर गुरं फिरल्याने झाली. खुराचा दाब मुख्यतः वरच्या थरात बसतो. भात कापल्यावर जमीन वरून कोरडी दिसते, पण आत ओल असते, त्याच ओलीवर तर वाल येतो. मूठभर माती दाबून बघा. लाडू वळला आणि फुटला नाही तर गुरं आत नकोत. पुरती सुकल्यावर सोडली तर नुकसान फार नाही.

आणि जंताचं औषध पाजल्यावर काही दिवस ती गुरं शेतात नकोत. आयव्हरमेक्टिनचा अंश शेणात उतरतो आणि शेण मातीत गाडणाऱ्या किड्यांची पिल्लं मरतात. माझ्या नावालाच धोका आहे हो.

कळवेकर

पेंढ्याचं काय करता? तबेल्याला विकता?

शनिवारचा_शेतकरी

हो, बराचसा कल्याणकडे तबेल्याला जातो. रोख पैसे मिळतात. का?

कळवेकर

कारण भाताने जमिनीतून उचललेल्या पालाशपैकी 80 टक्क्यांच्या आसपास पेंढ्यातच असतो. रासायनिक शेतकरी तो पोत्यातून परत घालतो, तुम्ही कशातून घालणार? निदान जितका विकाल त्या हिशेबाने तबेल्यातून शेणखत परत आणा. तबेलेवाल्याला शेणाची विल्हेवाट लावायचीच असते, बहुतेक वेळा भाडं तेवढं आपलं.

राब (भाताची रोपं करायची जागा) अजून भाजता का? शेणी त्यात जात असतील तर राख मिळते, पण कर्ब आणि नत्र धुरातून जातं. तण मरतं हे कबूल.

वरकसवाली

दादा, कुंपणाआधी गावात बोला. एकट्याने वाल टाकला तर अख्ख्या गावाची गुरं तुमच्याच खाचरात येणार, मग रोजची भांडणं. आमच्याकडे लागून असलेल्या सात-आठ घरांनी एका पट्ट्यात वाल करायचा ठरवलं आणि तेवढा भाग मळणीपर्यंत गुरांना बंद. राखणीला पाळी लावली. कुंपणापेक्षा स्वस्त पडलं. बांधावर गिरिपुष्पाच्या काठ्या खोचा, पाला खाचरात घालायलाही होतो.

फेरपालटीबद्दल फार मोठ्या आशा ठेवू नका. वालाच्या मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून लालसर असेल तर ती नत्र धरतेय, हिरवट-करडी असेल तर नाही. पण धरलेलं बरंचसं नत्र दाण्यात जातं आणि दाणे आपण पोपटीत (मडक्यात भाजायला) घालतो नाहीतर विकतो. जमिनीला मुळं आणि गळलेला पाला मिळतो. म्हणून झाडं उपटू नका, विळ्याने कापा. भुसकट आपल्याच गुरांना घाला आणि त्यांचं खत त्याच खाचरात आणा. हरभरा तुमच्या जमिनीत पहिल्यांदाच असेल तर बियाण्याला हरभऱ्याचंच रायझोबियम (गाठीत नत्र धरणारे जिवाणू) चोळा, वालाचं त्याला चालत नाही.

वरकसवर तर जुन्या लोकांची फेरपालट होतीच: नाचणी, मग वरी, मग खुरासणी, आणि नंतर काही वर्षं पड. गुरं त्या पडीकात चरायची. काकांना विचारा, त्यांना आठवत असेल. आता पड ठेवायला कोणाला परवडत नाही, तर निदान एक पाळी तूर-उडदाची घाला आणि चराई फक्त तिथे ठेवा.

शनिवारचा_शेतकरी

खूप आभार. काकांना कळवेकरांचा पेंढ्याचा हिशेब वाचून दाखवला, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले "तबेल्यातलं खत कुजलेलं असेल तरच आण."

यंदा ओढ्याकडच्या दोन खाचरांत वाल, गावाशी बोलून. वरच्या दोनमध्ये जमीन वाळल्यावर गुरं. मातीचे नमुने दोन्हीकडचे वेगळे काढतो, गुरं बसतात ती जागा सोडून.

एकच उरलं. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन खाली उतरतात, खतासाठी त्या मेंढ्या वरच्या खाचरात रात्री बसवायचा विचार आहे. मुरबाड-शहापूरकडे हल्ली धान्य देतात की रोख, आणि एका रात्रीला काय ठरतं? कोणी नुकत्याच बसवल्या असतील तर सांगा.