खुबा बदलताना पुढून, बाजूने की मागून?

प्रश्न – खुबा_आणि_वाटी
टोटल हिपच्या (पूर्ण खुबा बदलण्याच्या ऑपरेशनच्या) चर्चेत एकच वाक्य कानावर पडतं: मागून केलं की खुबा निखळतो, पुढून केलं की नाही. मामला इतका सरळ आहे का? वर्षभरानंतर चालण्यात फरक उरतो का? आणि कंबरेचं फ्यूजन झालेल्या (मणके एकमेकांना जोडलेल्या) पेशंटला कोणता अप्रोच, म्हणजे आत जायची वाट?

मागची_वाट
ते वाक्य जुन्या पद्धतीच्या पोस्टीरियरला (मागून जाण्याला) लागू होतं. ग्लुटियस मॅक्सिमसचे (कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूचे) धागे फाकवून आत गेलं की पिरिफॉर्मिस, शॉर्ट एक्स्टर्नल रोटेटर (मांडी बाहेर वळवणारे छोटे स्नायू) आणि कॅप्सूल (सांध्याचं आवरण) कापावं लागतं. पूर्वी अनेक जण ते तसंच सोडून जखम बंद करायचे. मग निखळेल नाही तर काय! आता कापतानाच टोकांना न विरघळणारा जाड टाका घालून ठेवायचा. शेवटी ग्रेटर ट्रोकँटरच्या (मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी असलेल्या बाहेरच्या उंचवट्याच्या) मागच्या कडेला २ मिमीची दोन भोकं पाडायची, टाके त्यातून ओवायचे आणि हाडावर गाठ मारायची. त्या वेळी पाय किंचित बाहेर वळवलेला हवा. आत वळलेला असला तर टोक हाडापर्यंत पोचत नाही, आणि ओढून बांधलं तर टाका मांस फाडून सुटतो. दुरुस्ती नीट झाली आणि ३२ किंवा ३६ मिमीचा हेड (कृत्रिम गोळा) बसवला की निखळण्याचं प्रमाण बऱ्याच अनुभवी हातांत १ टक्क्याच्या आसपास येतं.
या वाटेवरची खरी भीती सायटिक नर्व्हची (खुब्यामागून पायात उतरणाऱ्या जाड नसेची). मागचा रिट्रॅक्टर (जखम फाकवून धरणारं हत्यार) रुतला किंवा पाय फार लांबवला की तिचा पेरोनियल भाग (पाऊल वर उचलणारा) आधी दुखावतो आणि पाऊल लोंबतं.

पुढून_जाणारा
अँटीरियरमध्ये (पुढून जाताना) ‘एकही स्नायू कापत नाही’ हे अर्धसत्य आहे. टेन्सर आणि सार्टोरियस या मांडीच्या दोन स्नायूंच्या मधून वाटीपर्यंत (गोळा बसतो त्या खाचेपर्यंत) छान पोचता येतं, पण मांडीचं हाड वर आणायची वेळ आली की घाम फुटतो. पाय मागे नेलेला, दुसऱ्या पायाकडे सरकवलेला आणि बाहेर वळवलेला. तरी ट्रोकँटरच्या आतल्या बाजूचं वरचं कॅप्सूल सोडवल्याशिवाय हाड वर येत नाही. न सोडवता हुकाने ओढलं की ट्रोकँटरचं टोक तुटतं. ब्रोच (हाडाची पोकळी कोरणारं हत्यार) तिरका गेला की स्टेम (हाडात बसणारा कृत्रिम दांडा) व्हेरसमध्ये, म्हणजे तिरका बसतो, नाहीतर हाडाला भोक पडतं. पहिल्या ५० ते १०० केसेसमध्ये हे प्रकार जास्त, कारण हाड किती सोडवायचं याचा अंदाज हाताला आलेला नसतो.
लॅटरल सर्कम्फ्लेक्स या रक्तवाहिनीच्या वर जाणाऱ्या शाखा आधी शोधून बांधा किंवा जाळा. तुटल्या की मागे सरकतात आणि शोधताना दमछाक होते. चीर पुढच्या वरच्या इलियाक टोकापासून (कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून) २-३ सेंमी बाहेर घेऊन टेन्सरच्या आवरणाच्या आतच राहायचं, तरीही मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येऊ शकतो. पोट मांडीवर लोंबत असेल तर जांघेजवळची जखम ओली राहते, अशा पेशंटला ही वाट नकोच.
चालण्याचं म्हणाल तर पहिले सहा आठवडे अँटीरियर पुढे असतो, काठी लवकर सुटते. तीन महिन्यांनंतर फरक मिटत जातो, वर्षाने शोधूनही सापडत नाही.

मधली_बाजू
हार्डिंजला (बाजूने जाण्याच्या पद्धतीला) सगळेच विसरले. १९८२ पासूनची पद्धत, ग्लुटियस मीडियसचा (खुब्याच्या बाजूच्या स्नायूचा) पुढचा भाग सोडवून जायचं. निखळणं कमी, पण लंगडणं जास्त. स्नायूची फाक ट्रोकँटरच्या टोकापासून ५ सेंमीच्या वर गेली की सुपीरियर ग्लुटियल नर्व्ह (याच स्नायूची नस) धोक्यात. ३ वर थांबलेलं बरं. हाडावर टेंडनची थोडी किनार ठेवली नाही तर परत शिवायला काही उरत नाही. नेक फ्रॅक्चरचा (मांडीच्या हाडाची मान मोडलेला) विसराळू, म्हातारा पेशंट ‘खाली बसू नका’ हे पाळणार नाही. त्याच्या हेमीसाठी (फक्त गोळा बदलण्यासाठी) मात्र मी हीच वाट सुचवेन, ठिसूळ हाड असेल तर सिमेंटवाल्या स्टेमसह.

मागची_वाट
फ्यूजनचं उत्तर अप्रोचमध्ये नाही. बसताना पेल्व्हिस (कमरेचं हाड) मागे कलतं, वाटी पुढे उघडते आणि स्टेमच्या मानेला (हेडखालच्या बारीक भागाला) जागा मिळते. कंबर ताठ असेल तर हे होत नाही. मान वाटीच्या पुढच्या कडेवर आदळते आणि हेड मागून निसटतो. उलट पाठ सपाट होऊन पेल्व्हिस उभं असतानाच मागे कललेलं असेल तर पुढून निखळतं, मग अँटीरियरचा काय फायदा? उभ्याने आणि बसून बाजूचा एक्स-रे घ्या. सॅक्रल स्लोप (मणक्याच्या तळाच्या सॅक्रम हाडाच्या वरच्या बाजूचा उतार) १० अंशांपेक्षा कमी बदलला तर कंबर ताठ समजा.

खुबा_आणि_वाटी
सॅक्रल स्लोप उभ्याने ३८, बसून ३३ असेल तर?

मागची_वाट
५ अंश, म्हणजे ताठच. ड्युअल मोबिलिटी (दोन पृष्ठभागांवर फिरणारा हेड) घ्या, वाटीचं अँटीव्हर्जन (पुढे वळलेला कोन) २० ते २५ अंश ठेवा आणि अप्रोच रोजच्या हाताचा. ट्रायल (तात्पुरते भाग) बसवून खुबा ९० अंश वाकवा, पाय आत वळवा आणि मान कुठे टेकते ते बोटाने चाचपा. पुढच्या कडेचं वाढलेलं हाड टेकत असेल तर तेवढं छिन्नीने काढा. वाटी हलवायची घाई करू नका.