मदत हवी आहे: रानटी ल्युपिनची रोपं बुंध्याशी कोलमडतात

लॅसिक्स ल्युपिन (वाटाण्याच्या कुळातलं रानफूल) जगात फक्त उत्तर कॅलिफोर्नियातल्या लॅसिक्स डोंगरांवर, सिक्स रिव्हर्स राष्ट्रीय वनात आढळतं. त्याच्या बियांना हात लावायचा नाही हे उघडच आहे. पण डोंगरातल्याच साध्या, विकत मिळणाऱ्या ल्युपिनचीही रोपं टिकत नाहीयेत.

बी पॉलिश पेपरवर घासून, रात्रभर पाण्यात भिजवून, फुगलेलंच १ सेंमी खोल पेरतो. (न घासलेलं बी फुगतच नाही, कवच टणक असतं.) मिश्रणात तीन भाग जाड वाळू, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). रुजायची अडचण नाही. बीजपत्रं जाड, हिरवीगार; पण मातीलगत देठ तपकिरी, दोऱ्यासारखा बारीक होतो आणि रोप आडवं पडतं. मर रोगच वाटतो. कोकोपीट काढून पाणी खालून द्यावं का?

जी जगतात त्यांची नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. पाण्यात चुना आहे, म्हणजे लोह मिळत नसावं. मुळांवर नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या गाठीही नाहीत. वाटाण्याचं रायझोबियम (गाठी करणारे जिवाणू) ल्युपिनला चालत नाही, ब्रॅडीरायझोबियम हा दुसरा प्रकारच लागतो. हे ब्रॅडीरायझोबियम बियांना चोळावं की रोप उभं राहिल्यावर पाण्यातून द्यावं?

सोटमूळ दुखावू नये म्हणून कुंडी किती खोल घ्यावी, तेही सांगा.